गादीची निवड : पाठ, सांधे आणि खिसा

घर घेण्यापूर्वी आपण कागदपत्रे तपासतो, मोटार घेण्यापूर्वी चार जाणकारांना विचारतो, मुदत ठेव ठेवताना पाव टक्क्याच्या फरकासाठी दोन बँकांच्या पायऱ्या चढतो. गादीची खरेदी मात्र बहुधा लग्नसराईत किंवा दिवाळीच्या सवलतीत, दुकानात उभ्याउभ्या, तळहाताने दोनदा दाबून उरकली जाते. त्याच गादीवर पुढील आठ-दहा वर्षे रोज सात तास पाठ टेकायची असते. शरीर धडधाकट आहे तोवर ही बेफिकिरी खपून जाते. पाठीचे किंवा गुडघ्यांचे दुखणे मागे लागले की मग दुसऱ्या टोकाचा उतावीळपणा सुरू होतो आणि ‘ऑर्थोपेडिक’ अशी अक्षरे छापलेली, हाताला लाकडासारखी लागणारी एखादी गादी महाग किमतीला घरी येते. पैसा खर्च होतो, दुखणे पुष्कळदा तेथेच राहते. गादी नेमके काय करू शकते, काय करू शकत नाही आणि तिच्यासाठी किती पैसे मोजणे योग्य, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. लेखक वैद्यकीय व्यवसायातील नाही; तेव्हा येथील मजकूर डॉक्टरांच्या सल्ल्याची जागा घेऊ शकत नाही, हे आरंभीच सांगितलेले बरे.

झोपेत कण्याचे काय होते

पाठीच्या कण्यातील मणक्यांच्या दरम्यान एकूण २३ चकत्या असतात. दिवसभर उभे राहिल्याने व बसल्याने त्यांच्यावर भार पडतो आणि त्यांतील पाण्याचा काही अंश बाहेर ढकलला जातो. रात्री आडवे झाल्यावर भार उतरतो व चकत्या पाणी शोषून पुन्हा फुगतात. सकाळी उठल्यावर माणसाची उंची रात्रीपेक्षा सुमारे एक ते दोन सेंटिमीटरने अधिक भरते, ती यामुळेच. स्वीडनचे अस्थिरोगतज्ज्ञ आल्फ नाकेमसन यांनी १९६० च्या दशकात कमरेच्या चकतीतील दाब प्रत्यक्ष मोजण्याचे काम सुरू केले. त्यांच्या मोजणीनुसार उताणे झोपलेल्या माणसाच्या चकतीवरील दाब उभ्या माणसाच्या सुमारे एक चतुर्थांश असतो. उलट खुर्चीत बसल्यावर तो उभे असतानापेक्षाही वाढतो. दिवसाचे आठ तास खुर्चीत काढणाऱ्या आम्हा बँक कर्मचाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावे.

कण्याला विश्रांती मिळते ती मुळात आडवे होण्याने. गादीचे काम एवढेच की, त्या विश्रांतीत तिने व्यत्यय आणू नये. कणा सरळ काठीसारखा नसतो. मानेशी व कमरेशी तो आत वळलेला असतो. गादी फार मऊ असली तर शरीराचा सर्वांत जड भाग, म्हणजे कटिभाग, खाली रुततो आणि कणा झोळीसारखा वाकतो. गादी फार कठीण असली तर खांदे व खुबे तिच्यावर टेकून राहतात, कमरेखाली पोकळी राहते आणि ती पोकळी सांभाळण्यासाठी स्नायू रात्रभर ताणलेले राहतात. कुशीवर झोपणाऱ्याच्या खांद्यावर व खुब्यावर तर साऱ्या शरीराचा भार येतो. त्याचे सांधे आधीच दुखरे असतील तर कठीण गादी त्याला तासातासाला जागे करते.

‘कठीण तेच उत्तम’ या समजाविषयी

पाठ दुखू लागली की जमिनीवर सतरंजी टाकून झोपावे किंवा गादीखाली फळी घालावी, हा सल्ला आपल्याकडे आजोबांपासून चालत आला आहे. त्यात तथ्य नव्हते असे नाही. नवारीच्या खाटा आणि सुंभाच्या बाजा मध्ये झोळ पडून वापरल्या जात, त्या काळी फळी घालणे हा झोळ काढण्याचा सोपा उपाय होता. पुढे बाजा गेल्या, सपाट पलंग आले, परंतु सल्ला तसाच राहिला.

या समजाची शास्त्रीय परीक्षा स्पेनमध्ये झाली. डॉ. फ्रान्सिस्को कोव्हाक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी कंबरदुखीच्या ३१३ रुग्णांना चिठ्ठ्या टाकाव्यात त्या पद्धतीने दोन गटांत विभागले. एका गटाला कठीण व दुसऱ्याला मध्यम कठीण गाद्या दिल्या, आणि कोणाला कोणती गादी मिळाली हे रुग्णांना कळू दिले नाही. नव्वद दिवसांनंतर मध्यम कठीण गादी मिळालेल्यांचे अंथरुणातील दुखणे, उठतानाचे दुखणे आणि दैनंदिन कामांतील अडचण या तिन्ही बाबतींत अधिक सुधारणा आढळली. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. येथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. एक, हे रुग्ण सर्वसाधारण जुनाट कंबरदुखीचे होते. अस्थिभंग, गाठ अशा विशिष्ट कारणांनी दुखणाऱ्या पाठीला हा निष्कर्ष लावता येत नाही. दुसरी, त्या अभ्यासातील मोजपट्टीत १ म्हणजे सर्वांत कठीण व १० म्हणजे सर्वांत मऊ असे होते, आणि मध्यम कठीण गादीचा आकडा ५.६ होता. आपल्याकडील जाहिरातींत पुष्कळदा उलट मोजपट्टी वापरतात व १० म्हणजे सर्वांत कठीण धरतात. नुसता आकडा ऐकून गादी ठरवू नये. मोजपट्टीची कोणती बाजू मऊ, हे आधी विचारावे.

दुकानातील शब्दांचे अर्थ

‘ऑर्थो’ किंवा ‘ऑर्थोपेडिक’ हे उत्पादकाने आपल्या मालाला दिलेले विशेषण आहे. त्यामागे एखाद्या अस्थिरोगतज्ज्ञाने आपल्या दुखण्याचा विचार केलेला नसतो. व्यवहारात या नावाखाली बहुधा कठीण गादीच विकली जाते. तिचा खालचा थर अनेकदा रिबॉन्डेड फोमचा, म्हणजे फोमचे तुकडे दाबून व चिकटवून केलेला असतो. असा थर खाली असण्यात वावगे काही नाही. आधार त्यानेच मिळतो. प्रश्न असतो तो वरच्या दोन-तीन इंचांत काय आहे याचा. वर पुरेसा मऊ थर नसेल तर तक्रार करणारे आपले खांदे आणि खुबेच असतील.

दुसरा शब्द ‘डेन्सिटी’. ‘साहेब, चाळीस डेन्सिटीचा माल आहे, एकदम कडक,’ असे विक्रेता सांगतो तेव्हा तो दोन वेगळ्या गुणांची सरमिसळ करीत असतो. डेन्सिटी म्हणजे घनता : एक घनमीटर फोमचे वजन किती किलोग्रॅम भरते, तो आकडा. कठीणपणा हा निराळा गुण असून एकाच घनतेचा फोम मऊ किंवा कठीण, दोन्ही तऱ्हांनी तयार करता येतो. घनतेवरून सर्वसाधारणपणे टिकाऊपणाचा अंदाज येतो. हलका फोम लवकर बसतो. घनता तपासण्याची सोय मात्र ग्राहकाच्या हाती आहे, कारण ती वजनावरून काढता येते. सहा फूट लांब, तीन फूट रुंद आणि पाच इंच जाड गादीचे आकारमान सुमारे ०.२१२ घनमीटर होते. संपूर्ण गादी ३२ घनतेच्या फोमची असेल तर नुसत्या फोमचे वजन ६.८ किलो भरले पाहिजे. ४० घनतेची असेल तर साडेआठ किलो. खोळीचे वजन त्याहून वेगळे. बत्तीसच्या नावाने दिलेली गादी खोळीसकट पाच किलो भरली तर पुढील चर्चेची गरज उरत नाही.

कापूस, काथ्या, फोम, लॅटेक्स, स्प्रिंग

कापसाच्या गादीला हल्ली उगाच कमी लेखले जाते. हवा खेळती ठेवणारी, उन्हात टाकता येणारी आणि जुनी झाली तरी तोच कापूस पिंजून पुन्हा भरता येणारी अशी दुसरी गादी नाही. नव्याने भरलेली कापसाची गादी आणि तिच्याखाली सपाट, न वाकलेली फळी ही जोडी अनेक पाठींना मानवते. तिचा दोष असा की, कापूस बसत जातो, कमरेच्या जागी खळगा पडतो आणि कडेला गठ्ठे होतात. वर्षा-दोन वर्षांनी ती पिंजून घ्यावी लागते. पिंजाऱ्याच्या धनुकलीचा आवाज आता शहरांतून क्वचितच कानी येतो. यंत्रावर कापूस पिंजून देणारी दुकाने मात्र अजूनही बहुतेक गावांत सापडतात.

काथ्याची, म्हणजे कॉयरची गादी आपल्या दमट हवेला सोसते, तिच्यात उष्णता साठत नाही आणि ती मुळात कठीण असते. काथ्याच्या धाग्यांवर रबराचा चीक फवारून तिचे थर करतात. सांधे दुखणाऱ्याने नुसती कॉयरची गादी न घेता तिच्यावर फोमचा किंवा लॅटेक्सचा थर असलेली घ्यावी. या गाद्या काही वर्षांनी मध्यभागी दबतात, त्यामुळे महिन्या-दोन महिन्यांनी डोक्या-पायथ्याची बाजू बदलत राहावे.

मेमरी फोमचा जन्म १९६६ मध्ये अमेरिकेच्या ‘नासा’ संस्थेसाठी चाललेल्या विमानांच्या आसनांच्या संशोधनातून झाला, ही गोष्ट विक्रेते हमखास सांगतात आणि ती खरी आहे. हा फोम शरीराच्या उष्णतेने मऊ होतो आणि अंगाच्या आकाराप्रमाणे बसतो. खांदे व खुबे दुखणाऱ्यांना त्याचा आराम वाटतो. परंतु आपल्या उन्हाळ्यात त्यावर उकडते, आणि थंडीत तो ताठरतो. दिल्ली किंवा भोपाळला राहणाऱ्या वाचकांना जानेवारीत हा अनुभव येईल. शिवाय शरीर त्यात रुतत असल्याने कूस बदलायला जोर लागतो. गुडघे आणि मनगटे दुखणाऱ्या वृद्धांच्या बाबतीत हा दोष गौण नव्हे.

त्या दृष्टीने लॅटेक्स उजवे. ते दाबले तरी लगेच उसळी घेते, म्हणून कूस बदलणे सोपे जाते. डनलॉप कंपनीने १९२९ मध्ये रबराच्या चिकापासून फोम करण्याची पद्धत विकसित केली आणि आपल्याकडे ‘डनलॉपची गादी’ हा शब्दच रूढ झाला. आज पुष्कळदा त्या नावाने साधा पॉलियुरेथेन फोम विकला जातो. खरे लॅटेक्स जड व महाग असते आणि रबराची ॲलर्जी असणाऱ्यांनी ते टाळावे. स्प्रिंगच्या गाद्यांत सुट्या पिशव्यांत बसवलेल्या, म्हणजे ‘पॉकेट’ स्प्रिंगा चांगल्या. एकाने कूस बदलली तरी शेजारचा हलत नाही. एकमेकांत गुंतवलेल्या स्प्रिंगांची गादी स्वस्त पडते, पण दोघांपैकी एकाची झोप सावध असेल तर ती नकोच.

सांधे दुखणाऱ्यांसाठी पलंगाची उंची

गुडघे किंवा खुबे दुखणाऱ्या माणसाची खरी परीक्षा झोपताना होत नाही, ती उठताना होते. पलंगाच्या कडेवर बसल्यावर पावले जमिनीवर सपाट टेकावीत आणि गुडघे खुब्यांच्या पातळीत किंवा किंचित खाली असावेत. फार खाली असलेल्या पलंगावरून उठताना गुडघ्यांवर नको इतका भार येतो. गुडघ्याचा किंवा खुब्याचा सांधा बदललेल्यांना तर डॉक्टर खाली बसूच नका असे बजावतात. जमिनीवर अंथरूण घालण्याची सवय अशा वेळी सोडावी लागते. जुन्या चार इंची गादीच्या जागी आठ इंची गादी आणली तर पलंग चार इंचांनी उंच होतो, हा साधा हिशेब खरेदीच्या उत्साहात विसरला जातो. मग आईचे पाय अधांतरी लोंबतात आणि रात्री अंधारात उठताना तोल जाण्याचे भय निर्माण होते. गादीची कडही तपासावी. कडेला बसल्यावर ती खाली खचत असेल तर उठताना हाताला आधार मिळत नाही.

गादीच्या जोडीला उशांचाही उपयोग करून घ्यावा. उताणे झोपताना गुडघ्यांखाली आणि कुशीवर झोपताना दोन गुडघ्यांच्या मध्ये एक उशी घेतल्यास कमरेवरील ताण उतरतो. नवी गादी घेण्याआधी हा फुकटचा उपाय आठवडाभर करून पाहावा. त्याचबरोबर पलंगाची प्लायवूडची फळी वाकली आहे का तेही पाहावे. काही घरांतील कंबरदुखीचे मूळ गादीत नसून त्या फळीत असते.

काही दुखण्यांचा गादीशी संबंधच नसतो. सकाळी उठल्यावर सांधे किंवा पाठ अर्ध्या तासाहून अधिक काळ आखडलेली राहत असेल, उत्तररात्री पाठदुखीने जाग येऊन चालल्यावर बरे वाटत असेल, तर तो दाहक संधिवात असू शकतो; गादीच्या दुकानाआधी डॉक्टरांकडे जावे. पायात बधिरपणा किंवा अशक्तपणा, लघवी-शौचावरील नियंत्रण जाणे, ताप, वजन घटणे, किंवा वयस्कर व्यक्तीला पडल्यानंतर सुरू झालेली पाठदुखी, यांपैकी काही असेल तर विलंब करू नये.

दुकानातील पंधरा मिनिटे

गादी झोपून पाहिल्याशिवाय घेऊ नये. चारचौघांत दुकानातल्या गादीवर आडवे होण्याचा संकोच वाटतो, विशेषतः वडीलधाऱ्या स्त्रियांना. म्हणून दुपारच्या वेळी, गर्दी नसताना, घरच्या माणसाला बरोबर घेऊन जावे. नेहमी ज्या कुशीवर झोप लागते त्याच कुशीवर दहा-पंधरा मिनिटे पडून राहावे. उताणे असताना कमरेखाली हात घालून पाहावा. हात आरपार सहज सरकला तर गादी आपल्यासाठी कठीण; मुळीच शिरेना तर मऊ. कुशीवर असताना बरोबरच्या माणसाने मागून पाहावे : मानेपासून कटीपर्यंत कणा सरळ रेषेत दिसला पाहिजे. मोबाइलवर छायाचित्र काढले तर आपल्यालाही ते पाहता येते. सडपातळ माणसाला जी गादी कठीण वाटते तीच स्थूल माणसाला मध्यम वाटू शकते, म्हणून शेजाऱ्याच्या शिफारशीला मर्यादित महत्त्व द्यावे.

काही कंपन्या शंभर रात्री वापरून पाहण्याची मुभा देतात. ही सोय चांगली आहे, कारण नव्या गादीची सवय व्हायला दोन-चार आठवडे लागतात. मात्र गादी परत नेण्याचा खर्च कोणाचा आणि पैसे खात्यात परत येणार की दुसरी वस्तू घ्यावी लागणार, हे आधी वाचावे.

चुंबकीय गाद्या

काही वर्षांपूर्वी आमच्या शाखेत एक सेवानिवृत्त शिक्षक दीड लाख रुपयांची मुदत ठेव मुदतीपूर्वी मोडण्यासाठी आले. कारण विचारले तेव्हा पत्नीच्या गुडघेदुखीसाठी चुंबकीय गादी घ्यायची असल्याचे त्यांनी सांगितले. ओळखीतल्या एकाने सभागृहातील कार्यक्रमात नेले होते. तेथे बरे झालेल्यांची भाषणे झाली आणि आणखी तीन ग्राहक आणल्यास गादीची किंमत वसूल होईल, असेही सांगण्यात आले. ठेव ही ठेवीदाराची असते आणि ती मोडण्याचा त्यांचा हक्क निर्विवाद. परंतु त्यांच्यासमोर कागदावर एक हिशेब मांडला : दीड लाखावर सात टक्क्यांनी वर्षाला १०,५०० रुपये व्याज येते, अठरा हजारांची उत्तम गादी दोन वर्षांच्या व्याजातूनच येईल आणि मुद्दल शाबूत राहील. गादी घेण्यापूर्वी गुडघ्यांच्या डॉक्टरांचे मत घ्यावे, इतकीच विनंती केली. ते कागद घडी करून घेऊन गेले व त्या दिवशी ठेव मोडली गेली नाही.

स्थिर चुंबकांमुळे दुखणे कमी होते का, याच्या प्रयोगांचा एकत्रित आढावा २००७ मध्ये कॅनडाच्या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. वेदनाशमनासाठी चुंबकांची शिफारस करावी असा पुरावा त्यात मिळाला नाही. साखळीने ग्राहक जोडण्याच्या भागाबद्दल बोलायचे तर, थेट विक्रीविषयीचे २०२१ चे केंद्रीय नियम पिरॅमिड योजनांना मनाई करतात आणि पैसे फिरवण्याच्या योजनांवर १९७८ पासूनच कायद्याने बंदी आहे. ‘तीन जण आणा, गादी फुकट’ हे वाक्य कानी पडले की, खिशातील चेकबुक खिशातच ठेवावे.

किंमत, हप्ता आणि हमी

अठरा हजारांची गादी आठ वर्षे टिकली तर २,९२० रात्रींच्या हिशेबाने दर रात्रीचा घसारा सहा रुपयांच्या आसपास येतो. सहा हजारांची गादी दोन वर्षांत बसली तर तो आठ रुपयांहून अधिक होतो, पाठदुखी निराळी. उलट साठ हजारांच्या गादीने अठरा हजारांच्या तिप्पट आराम मिळतो, याला कोणताही आधार नाही. एका मर्यादेपुढे आपण कापडाचे, नक्षीचे आणि जाहिरातीचे पैसे देत असतो.

‘विनाखर्च हप्ता’ या शब्दाकडे बँक अधिकारी म्हणून लक्ष वेधणे प्राप्त आहे. शून्य टक्के व्याज ही कल्पनाच अस्तित्वात नाही, असे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्ये स्पष्ट केले आहे. समजा, २४,००० रुपयांची गादी क्रेडिट कार्डावर चार हजारांच्या सहा हप्त्यांत घेतली आणि व्याजदर वार्षिक १५ टक्के आहे. बँक सुमारे १,०१६ रुपये व्याज लावते व विक्रेता तितकीच सूट किमतीत देतो. इथवर बरोबरी होते. परंतु त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे सुमारे १८३ रुपये, आणि प्रक्रिया शुल्क २०० रुपये धरल्यास त्यावरील करासह २३६ रुपये ग्राहकाला द्यावे लागतात. रोखीने घेणाऱ्याला विक्रेता हीच हजार रुपयांची सूट देतो का, हेही विचारून पाहावे, पुष्कळदा देतो.

हमीपत्र वाचताना दहा वर्षांच्या आकड्यावर थांबू नये. हमी बहुधा निर्मितीतील दोषाची असते. गादी आपल्याला मानवली नाही, हा दोष त्यात येत नाही. खळगा किती खोल पडल्यास गादी बदलून मिळेल, याचे माप लिहिलेले असते. अनेक हमीपत्रांत पहिल्या काही वर्षांनंतर नवी गादी न मिळता वापराच्या वर्षांप्रमाणे किमतीत अंशतः सूट मिळते. डाग पडल्यास किंवा पलंगाची फळी वाकलेली असल्यास हमी नाकारली जाऊ शकते, म्हणून पहिल्या दिवसापासून गादीवर धुता येणारी खोळ घालावी. पक्के बिल घ्यावे, आणि गादीच्या कडेला शिवलेल्या चिठ्ठीचे छायाचित्र काढून ठेवावे.

विक्रेता दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आणखी एक सोय केली आहे. विक्रेता दुसऱ्या राज्यातील असला तरी ग्राहकाला आपण राहतो किंवा नोकरी करतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार दाखल करता येते. बंगळुरूच्या कंपनीकडून मागवलेल्या गादीसाठी इंदूरच्या किंवा बडोद्याच्या ग्राहकाला आपले गाव सोडून जावे लागत नाही.